आरतीला उठताना

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी डोंबिवलीच्या देवळाला दहा खुर्च्या दिल्या, आणि त्यांच्यावर बाबांचं नाव चुकीच्या बाजूला घातलं. चूक रंगाऱ्याची नव्हती. त्याने मला दोनदा विचारलं होतं, "साहेब, नाव मागून टाकू की पुढून?" मी म्हटलं, "पुढून टाक. लपवायला काय चोरीच्या खुर्च्या आहेत का?" खुर्चीची पुढची बाजू म्हणजे जिथे बसणाऱ्याची पाठ टेकते ती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटीचा माणूस आहे. दुसऱ्यांच्या चुका हुडकायचा मला गेली अठ्ठावीस वर्षं पगार मिळतो.

तर खुर्च्या देवळात उतरवल्या तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवर, आतल्या अंगाने, लाल ऑइलपेंटमध्ये बाबांचं संपूर्ण नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. आमचे बाबा अतिशय भिडस्त. शेजारच्या बाईंनी साखर मागितली तरी ते आत जाऊन आईला पाठवायचे. आता रोज संध्याकाळी दहा बायका त्यांना टेकून बसणार होत्या.

आईने चष्मा लावून सगळं नाव नीट वाचलं. शुद्धलेखन बरोबर आहे म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे रे. हयातीत नाही जमलं त्यांना, आता तरी बायकांत बसतील."

देऊळ दत्ताचं, गल्लीत, दोन इमारतींच्या मधे अंग चोरून उभं असल्यासारखं. तिथे रोज साडेचारला बायकांचं भजनी मंडळ जमतं. पंधरा-सोळा जणी. त्यातली सगळ्यात धाकटी अठ्ठावन्न वर्षांची, आणि तिला सगळ्या 'पोरी' म्हणतात. आईचं वय शहात्तर. ती टाळ वाजवते. मंडळातला क्रम ठरलेला: सतरंजीवर बसून स्तोत्रं, मग दोन भजनं, मग उभं राहून आरती, मग जमिनीला डोकं टेकून नमस्कार, मग प्रसादाला परत बसायचं, आणि शेवटी उठून तीन प्रदक्षिणा. पहिल्या ओळीत पखवाज वाजवणाऱ्या काकू, त्यांच्या उजव्या हाताला आई. ही जागा आईने नऊ वर्षं सोडली नव्हती. बाबांच्या आजारपणातही तासभर शेजाऱ्यांना बसवून ती जाऊन यायची.

माझं स्वतःचं देवाशी नातं दारातून हात जोडण्याइतपत आहे. चप्पल अर्धी काढायची, मान अर्धी वाकवायची. त्यामुळे मंडळाचा हा सगळा क्रम मी आतून कधी पाहिलेला नव्हता. मला एवढंच दिसलं होतं की आईचे गुडघे दुखतात आणि ती रोज फरशीवर बसते. डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहून दिलं होतं: जमिनीवर बसणं टाळा. मी तो कागद फ्रिजला चुंबकाने लावला होता. आई तो वाचत नव्हती, म्हणून मी खुर्च्याच दिल्या.

पहिला आठवडाभर कुणी बसलं नाही. खुर्च्या एकीवर एक रचून कोपऱ्यात होत्या. मग एक दिवस आईने वरची खुर्ची काढली, भिंतीशी लावली आणि बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी बसल्या. महिन्याभरात दहाच्या दहा भरल्या. सतरंजीवर पखवाजवाल्या काकू आणि आणखी चार-पाच जणी उरल्या. खुर्च्या अर्थातच मागे, भिंतीला लागून. म्हणजे पहिल्या ओळीतली आई शेवटच्या ओळीत गेली. मग कुणीतरी म्हणालं, बसलोच आहोत तर आरतीही बसूनच म्हणू, देव काय हजेरी घेतो का. भिंतीशी खुर्च्या लावल्यावर फिरायची वाट अरुंद झाली, तेव्हा प्रदक्षिणा जागच्या जागी मनातल्या मनात होऊ लागल्या.

मी बेहद्द खूश होतो. खुर्च्यांवर बसलेल्या दहा जणींचा फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर टाकला. त्या सुमाराला एक मजकूर फिरत होता, की नियमाने देवळात जाणारी म्हातारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा धडधाकट राहतात. कोणी शोधून काढलं, कुठे, काही लिहिलेलं नव्हतं. मी तो मजकूर फोटोखाली चिकटवला.

बायकोने तो स्वयंपाक करता करता वाचला. म्हणाली, "धडधाकट आहेत म्हणून देवळात जातात, असंही असेल की. ज्यांचं कंबरडं मोडलंय त्या जाणार कशा? आणि गेल्या नाहीत तर तुमचा हा मोजणारा त्यांना मोजणार कुठे?"

मी म्हटलं, "तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

ती म्हणाली, "मी फुकट काढते. तुम्ही पगार घेऊन काढता."

हे मला झोंबलं, कारण तिचं बरोबर होतं. आमच्या खात्यात पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे शिकवतात: जे पीस तपासणीच्या टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांच्याबद्दल टेबलावरच्या पीसांवरून काही बोलू नये.

आठ महिने गेले. आई डोंबिवलीत एकटीच राहते. तळमजल्याचा फ्लॅट, बाबांच्या दम्यामुळे मुद्दाम तळमजला घेतलेला. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती ओट्याखालच्या फडताळातून पोह्यांचा डबा काढायला वाकली, पाय सरकला, आणि हळूच, अगदी सावकाश, ती फरशीवर बसली. पडली म्हणता येणार नाही. लागलं काहीच नाही. फक्त तिला उठता येईना.

तिने ओट्याची कड धरायचा प्रयत्न केला, हात पोचला नाही. घसरत घसरत दारापर्यंत गेली, पण कडी वर. परत स्वयंपाकघरात आली. फोन फ्रिजवर होता आणि तो तीनदा वाजला. तो मीच करत होतो. जुन्या बिलांची फाइल कुठे आहे, एवढंच विचारायचं होतं. उचलला नाही म्हणून मी समजलो, झोपली असेल.

एक वाजता कामवाली आली, बेल वाजवून थकली, मग समोरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली आणून त्यांनी कुलूप उघडलं. पण आतून कडी होती. ती त्यांनी फटीतून पट्टी घालून काढली. आत आई सिलिंडरला टेकून बसली होती, आणि फडताळातले सगळे डबे बाहेर काढून, पुसून, आत परत लावून झाले होते. "दोन तास नुसतं काय बसायचं," असं तिने शेजारणीला सांगितलं.

मला हे संध्याकाळी कळलं. तो फोन तीनदा वाजला होता, या गोष्टीवर मी पुढचे बरेच दिवस काही बोललो नाही. त्याऐवजी मी निर्णय जाहीर केला. आई आता ठाण्याला आमच्याकडे राहील. कायमची. डोंबिवलीची जागा बंद.

आई म्हणाली, "दहा दिवस येते. कायमचं नंतर बघू."

वर्तकनगरला आमच्या शेजारच्या गल्लीत एक फिजिओथेरपिस्ट आहे. तरुण मुलगी, पंचविशीतली, बोलणं एकदम फटाफट. आईला घेऊन आम्ही दोघं गेलो. तिने गुडघे दाबून पाहिले, चालवून पाहिलं, मग म्हणाली, "आजी, आता जरा खाली बसून दाखवा."

"बसेन. पण उठायला येणार नाही मला," आई म्हणाली.

"कधीपासून?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने नाही सांगितलं. बायकोने सांगितलं, "खुर्च्या आल्यापासून."

मग त्या मुलीने एकेक विचारायला सुरुवात केली. जेवता कुठे? टेबलावर. संडास? कमोड, बाबांच्या वेळेस बसवला. स्वयंपाक? ओट्यापाशी उभ्याने. देवपूजा? देव्हारा मी भिंतीत छातीच्या उंचीवर बसवून दिलेला, वाकायला नको म्हणून. केर-लादी? बाई करते. भाजी निवडायला? सोफ्यावर बसून. ती विचारत होती आणि मला एकेक गोष्ट केल्याची तारीख आठवत होती. प्रत्येक वेळी माझ्या हातात टेप आणि डोक्यात आईची काळजी होती. घरातली सगळी जमीन मी तिच्याकडून एकेक करून काढून घेतली होती. उरली होती ती देवळातली, दिवसाला दोन वेळा बसण्याची आणि दोन वेळा उठण्याची, वर नमस्काराचं वाकणं वेगळं. तीही मी वर्षश्राद्धाला काढून घेतली. देवळाचं सगळं बायकोने सांगितलं.

"म्हणजे नऊ वर्षं रोज यांचा एक्झरसाइज होत होता ना," ती मुलगी म्हणाली. "मांड्यांमधली ताकद गेलीय, बाकी काही नाही. पण जमिनीवर बसणं बंद कुणी केलं?"

"डॉक्टरांनी," मी ताठ मानेने म्हटलं, आणि फ्रिजवरून काढून आणलेला कागद पुढे केला.

तिने वाचला. "काका, यात सहा आठवडे लिहिलंय."

मी कागद हातात घेतला. लिहिलं होतं. 'जमिनीवर बसणं टाळा' या ओळीच्या शेवटी, डॉक्टरी अक्षरात पण वाचता येईल असं, सहा आठवडे. फ्रिजवर त्या जागी चुंबक होता.

 रस्त्यात बायकोने माझ्याकडून तो कागद मागून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला, एवढंच.

दहा दिवस संपले तेव्हा आईने पिशवी भरली. मी आडवा गेलो. तेव्हा आमच्यात करार झाला. मी म्हटलं, "तू एकटी असताना परत खाली बसलीस आणि उठता आलं नाही तर?"

"तर येईन ठाण्याला. जन्मभरासाठी," ती म्हणाली. "पण मला दोन महिने दे. दोन महिन्यांनी मी जमिनीवरून उठून दाखवते."

"कुणाचाही हात न धरता."

"कुणाचाही हात न धरता."

"आणि नाही जमलं तर कुरकुर नाही."

"मी कधी कुरकुर केली?" हे खरंच होतं. ती कुरकुर करत नाही, आणि त्यामुळेच तिच्या मनातलं कळायला उशीर होतो.

मी मात्र मनातून निकाल लावून टाकला होता. शहात्तराव्या वर्षी दोन महिन्यांत कसली ताकद येते. मी आमची मागची खोली रिकामी केली, इस्त्रीचं टेबल गॅलरीत हलवलं आणि आईसाठी एक पलंग आणला, उंच, उतरायला सोपा. बायको म्हणाली, "निदान दोन महिने तरी थांबायचं." मी म्हटलं, "तयारी असलेली बरी."

फिजिओच्या मुलीने सांगितलेले व्यायाम आईने घरी करून पाहिले. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठायचं. दोन दिवस केले आणि सोडून दिले. फोनवर म्हणाली, "एकटीने घरात उठाबशा काढायला मला काय शाळेत शिक्षा झाली आहे का?" मी लगेच बायकोला म्हटलं, बघ, मी सांगत होतो. पण तिसऱ्या दिवशी तेच व्यायाम तिने देवळात नेले. स्तोत्रांच्या आधी, देवासमोर, खुर्चीवरून उठायचं, हात जोडायचे, बसायचं. पखवाजवाल्या काकूंनी ते पाहिलं आणि फर्मान काढलं की सगळ्या खुर्चीवाल्यांनी करायचं. आकडे मोजायचे नाहीत, देवाची नावं घ्यायची. एका नावाला एकदा उठायचं.

बायको शाळेत शिकवते; दर बुधवारी शाळा सुटल्यावर ती परस्पर डोंबिवलीला जायची. तिनेच मला हे सांगितलं. काकूंना तिने विचारलंही होतं, आकडे का नाहीत. काकूंचं म्हणणं असं पडलं की, "आकडे मोजले की सातव्यालाच दम लागतो बघ. नावं घेतली की बारा-बारा होतात, कळतसुद्धा नाही."

पुढची पायरी म्हणजे खुर्चीपेक्षा बुटकं आसन. फिजिओची मुलगी म्हणाली होती, उंची हळूहळू कमी करत न्या. देवळात बुटकं म्हणजे चौरंग. आई त्यावर बसायला गेली तर काकूंनी हातच धरला.

"वहिनी, तो देवाचा आहे. तुम्ही बसलात तर आम्ही आरती कुणाची करायची?"

"मग घरचं स्टूल आणते."

"कुठलं, मोरीतलं? त्याच्यावर बसून आंघोळ करता ना? अन् देवळात आणता?"

शेवटी नवीन, मोरी न पाहिलेलं, प्लास्टिकचं बुटकं स्टूल आलं. ते बायकोने आणलं. मी विचारलं, नाव घालू का त्याच्यावर, तर ती नुसती हसली. तीन आठवडे आई स्टुलावर बसली. मग दोन पाट एकावर एक, मग एकच पाट. बुधवारी रात्री जेवताना मला बातमी मिळायची. "आज एका पाटावर होत्या. उठताना काकूंच्या खांद्याला धरलं." पुढच्या बुधवारी, "आज नाही धरलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला." मी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, पाट म्हणजे काय जमीन नव्हे.

आईबरोबर आणखी पाच जणी खाली येत चालल्या होत्या. चार जणी खुर्चीवरच राहिल्या. एकीचे दोन्ही गुडघे बदललेले, एकीला तोल जाण्याचा त्रास, दोघी पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांना खुर्च्या खरोखरच हव्या होत्या, आणि हे लिहिताना मला थोडं बरं वाटतं. काकूंनी त्या चार खुर्च्या मागच्या भिंतीपासून उचलून पुढे, पखवाजाच्या डाव्या बाजूला लावल्या. खुर्चीवर बसलं म्हणजे मागे बसलंच पाहिजे हे कुणी ठरवलं, असं त्या म्हणाल्या. ते कुणी ठरवलं नव्हतं. तसं झालं होतं एवढंच.

एका संध्याकाळी मी आईला फोनवर विचारलं, "तुला काय वाटतं, देवळात जाण्याने माणसाची तब्येत चांगली राहते हे खरं असेल?"

"मी देवासाठी जाते," ती म्हणाली. "तब्येतीसाठी जायचं असतं तर बागेत गेले असते. तिथे बाकडी आहेत."

"पण फरक पडतो ना?"

"पडत असेल. एक दिवस नाही गेलं तर संध्याकाळी दोघी दारात येतात, काय झालं विचारायला. त्या मंगळवारी कामवाली आली नसती ना, तर साडेचारनंतर त्या आल्याच असत्या. तुझा फोन वाजून थांबला. त्या दार वाजवून थांबल्या नसत्या."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ किती लागतं ते सांगावं तसं सांगितलं. मला विषय बदलावासा वाटला. मी म्हटलं, "मग तू मुळात त्या खुर्चीवर बसलीस कशाला? काकू नाही बसल्या."

ती म्हणाली, "तू दिल्या होत्यास. आठवडाभर त्या तशाच कोपऱ्यात पडलेल्या. मीच बसले नसते तर बायका म्हणाल्या असत्या, हिलाच नको आहेत, आपल्याला कशाला. तू रविवारी यायचास, बघितलं असतंस."

मी म्हटलं, "बरं, ठेवतो." फोन ठेवून मी गॅलरीत इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. आठ महिने तिने माझ्यासाठी मागच्या भिंतीशी बसून टाळ वाजवले होते, आणि मी त्याचा फोटो काढला होता.

दोन महिने एका रविवारी पुरे झाले. आम्ही दोघं दुपारीच डोंबिवलीला पोचलो. आईने चहा दिला, परीक्षेचा विषय काढला नाही. चारला तिने साडी बदलली आणि म्हणाली, "चला, घरात कशाला, तिथेच बघ. मला तिथेच उठायचं असतं."

देवळात ती पखवाजाच्या उजव्या हाताला, सतरंजीवर बसली. पाट नाही, उशी नाही. मी माझ्या सवयीने दारातल्या खांबाशी उभा राहिलो, बायको माझ्या मागे. स्तोत्रं झाली. दोन भजनं झाली. आईच्या हातातले टाळ लयीत होते. मला मात्र तिचे गुडघेच दिसत होते. मंडळातल्या सगळ्यांना करार माहीत होता, हे माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं त्यावरून कळत होतं.

आरतीची वेळ झाली. बाकीच्या उठल्या. कुणी भिंतीला धरून, कुणी शेजारणीला, कुणी "आई गं" म्हणत. आईने टाळ बाजूला ठेवले. आधी दोन्ही पाय एका बाजूला घेतले, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि गुडघ्यांवर आली. मग उजवं पाऊल पुढे घेतलं. उजवा हात उजव्या गुडघ्यावर. हातावर जोर दिला, कंबर थोडी वर आली आणि परत खाली बसली.

 निरांजन पेटलेलं होतं, घंटा पुजाऱ्यांच्या हातात होती, पण ती वाजली नाही. काकूंचे हात पखवाजावर नुसते टेकलेले. पुढच्या चार खुर्च्यांवरच्या चौघी समोर देवाकडे बघत होत्या. आईच्या सगळ्यात जवळ काकू होत्या, हातभर अंतरावर, आणि त्यांनीही हात पुढे केला नाही.

आईने श्वास घेतला. परत तळवे, परत गुडघे, पाऊल पुढे. या वेळी तिने दोन्ही हात एकाच गुडघ्यावर ठेवले. पाठ वाकडीच होती, मान खाली. गुडघा थरथरला. मला तो खांबापासूनसुद्धा दिसला. मग दुसरं पाऊल जमिनीवर आलं, ढोपरं सरळ झाली, आणि ती वाकलेली उभी राहिली. त्यानंतर ती पाठ सरळ करत गेली, हळूहळू. पूर्ण ताठ झाल्यावर तिने पदर सारखा केला. काकूंनी पखवाजावर थाप मारली आणि आरती सुरू झाली.

मी जागचा हललो नव्हतो. या गोष्टीचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. तीस पावलांचं सुद्धा अंतर नव्हतं, समोर माझी आई धडपडत होती, आणि मी करार पाळून शांत उभा होतो.

नमस्कार झाला, त्यासाठी ती परत बसली आणि परत उठली, थोड्या कमी वेळात. प्रसाद घेऊन ती बाहेर आली, चपला घातल्या आणि मला विचारलं, "तो पलंग दुकानवाले परत घेतात का रे?"

"विचारतो," मी म्हटलं.

"नाही घेतला तर असू दे. मी दोन दिवस राहायला आले की झोपेन त्याच्यावर." मग बायकोकडे वळून म्हणाली, "अगं, बुधवारी येशील ना? थालीपीठ लावते."

तिला घरी सोडून आम्ही परत निघालो. शिळफाट्याच्या अलीकडे गाड्या अडकल्या होत्या.  मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आईची कमाल आहेच, ते मी मान्य करतो. पण माझंही बघ. पहिल्यांदा ती परत खाली बसली ना, तेव्हा दुसरा कुणी असता तर धावला असता. एकदा हात लावला असता तर करार संपला असता, तिची सगळी मेहनत फुकट. मी पाऊल उचललं नाही. एवढा संयम माझ्यात आहे, हे मला आजच कळलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे पाहत ती म्हणाली, "मागून तुमचा शर्ट मी धरला होता. दोन्ही हातांनी. घरी गेल्यावर बघा, खालचं बटण तुटलंय."